जुन्या मॉरिसचे सुटे भाग

भारतात आपण पाहिलेली अँबॅसडर मोटार म्हणजे मूळची काउलीची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. ही ऑक्सफर्ड इंग्लंडात १९५९ साली बंद झाली. अँबॅसडर मात्र कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती. म्हणून येथे जुनी ऑक्सफर्ड दुरुस्त करणाऱ्यांनी पत्र्याचे भाग भारतात शोधावेत. इंजिनासाठी इतके लांब जाण्याचे कारण नाही. तेच १४८९ सीसीचे इंजिन एमजीए गाडीतही होते.

एक खबरदारी आम्ही सुचवितो. पुढील काळात अँबॅसडरला इसुझूचे इंजिनही बसू लागले; त्याचे भाग जुन्या इंजिनाला चालत नाहीत. तेव्हा वर्ष व इंजिनाचा क्रमांक लिहून घ्यावा, जुना भाग मोजावा आणि मगच पैसे पाठवावेत.