पीएफएक्सची पेम करताना चावी कोणाच्या हातात देताय?

व्हिडिओतली स्टेप इथे लिहून देतो. वेबसाइटच्या एसएसएलची पीएफएक्स फाइल हातात असते आणि होस्टिंगवाला पेम मागतो. पीएफएक्स म्हणजे सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की ठेवलेला एकच डबा, सहसा पासवर्ड लावलेला. पेम साध्या टेक्स्टमध्ये असते, नोटपॅडमध्येही उघडते.

मी पहिल्यांदा फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर फाइल टाकली, वर पासवर्डही दिला. म्हणजे दुकानाची चावीच अनोळखी माणसाला! शेवटी सर्टिफिकेट रद्द करून नवीन की बनवावी लागली.

तुम्ही आपल्याच कॉम्प्युटरवर ओपनएसएसएलची पीकेसीएस12 कमांड चालवा. त्यात 'नोड्स' लिहिलंत तर की पासवर्डशिवाय बाहेर येते. काम झालं की ती कॉपी डिलीट करा. सर्टिफिकेट कुणीही पाहू दे, की मात्र व्हॉट्सॲपवर कुणालाच पाठवू नका!