पूर्वपक्ष आणि फाशी : एका वादाचे वाचन



मागील घटकात वैचारिक निबंधाची घडण आपण पाहिली. या घटकात एक जिवंत वाद हाती घ्यावयाचा आहे : देहान्त शासन असावे की नसावे? हा प्रश्न कायद्याचा आहे, मग मराठीच्या अभ्यासक्रमात त्याचे काय काम, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. परंतु हा वाद ज्या शब्दांत चालतो ते शब्द आपले आहेत, आणि त्या शब्दांनी वादाचा निम्मा निकाल आधीच लावून ठेवलेला असतो.

आपल्या सिंधुदुर्गातील जत्रांपासूनच सुरुवात करू. दशावताराच्या पूर्वरंगात वेद पळवणारा संकासुर येतो. काळा वेश, बाहेर आलेली लाल जीभ आणि तोंडी मालवणी. तो प्रेक्षकांशी बोलतो, गावातल्या माणसांच्या खोड्या काढतो, पोरे खदखदून हसतात. अखेरीस विष्णू त्याचा वध करतो. या वधाबद्दल देवळाच्या मांडावर बसलेल्या कोणालाही शंका येत नाही. शंका यावी अशी त्याची रचनाच नाही. अपराध सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो, अपराधी कोण हे ठाऊक असते आणि मारणारा साक्षात देव असतो. न्यायालयात या तिन्ही गोष्टींची खात्री नसते. तेथे अपराध कोणी पाहिलेला असतोच असे नाही, अपराधी कोण हे शोधावे लागते, आणि निकाल देणारी माणसे असतात. फाशीच्या वादात पुष्कळदा गोंधळ होतो तो येथेच : आपण खटल्याविषयी बोलत असतो आणि मनात मात्र संकासुराचा वध चाललेला असतो.

आता शब्दांकडे वळू. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांना रामशास्त्री प्रभुणे यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा तुम्ही शाळेपासून ऐकली आहे. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने ती रंगभूमीवर नेली. येथे शास्त्र्यांच्या तोंडी ‘शिक्षा’ हा शब्द नाही, याकडे लक्ष द्या. शिक्षा दिली जाते. प्रायश्चित्त घ्यावयाचे असते. प्रायश्चित्त घेणारा अपराधी अजूनही माणूस असतो, स्वतःच्या पापाचा जाब देण्यास समर्थ असतो. याच प्रसंगाला ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका चिकटली आहे : ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. ती इतिहास म्हणून खरी असो वा नसो, एका अक्षराच्या फरकाने गेलेला जीव परत येत नाही, हे भय मराठी मनाने त्या वाक्प्रचारात जपून ठेवले आहे.

आजची भाषा निराळी आहे. ‘त्याला फाशी झाली’ असे आपण म्हणतो. ‘पाऊस झाला’, ‘उशीर झाला’ तसेच. कर्ता नाहीसा होतो. फाशी देणारा शासनाचा नोकर, आदेशावर सही करणारा अधिकारी, आणि ज्यांच्या नावाने हे सारे होते ते आपण नागरिक, यांपैकी कोणीही त्या वाक्यात उरत नाही. शिवाय वृत्तपत्रीय मराठीत ‘फाशी’ म्हणजे कधी सुनावलेली शिक्षा, तर कधी प्रत्यक्ष अंमल. या दोहोंमध्ये किती अंतर असू शकते याचे उदाहरण फोंडा घाट चढून गेल्यावर सापडते. मुलांना पळवून त्यांचा चोरीसाठी वापर करणे आणि त्यांपैकी काहींचे खून करणे या गुन्ह्यांसाठी रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींना कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जांचा निकाल लावण्यास यंत्रणेने सात वर्षे, दहा महिने आणि पंधरा दिवस घेतले होते. त्या बहिणींना फाशी ‘झाली’ असे आजही अनेक जण सांगतात. ती झाली नाही.

पूर्वपक्ष

आपल्या शास्त्रपरंपरेत आपले मत मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तोही विरोधकाने मान हलवावी इतक्या ताकदीने. निबंधांत विद्यार्थी नेमके येथे कमी पडतात. फाशीचे समर्थन म्हणजे निव्वळ सूडबुद्धी, असे एका ओळीत लिहून ते मोकळे होतात.

तसे नाही. १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत दहा जणांचे जीव गेले. मारणारे व्यावसायिक कलेचे (कमर्शियल आर्ट) विद्यार्थी होते. त्या काळात पुणेकर संध्याकाळी दारे लावून बसत. चौघा दोषींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांपैकी मुनव्वर शहा याच्या आत्मकथनाचे शीर्षकच ‘येस, आय ॲम गिल्टी’ असे आहे. येथे चुकीचा माणूस पकडला गेला, ही सबब उरत नाही. समर्थक विचारतो : कुटुंबावर दोर आवळणाऱ्याला आणि भांडणात काठी मारणाऱ्याला एकच जन्मठेप द्यायची, तर गेलेल्या जिवांचे मोल समाजाने कोणत्या मापाने सांगायचे? कोपर्डीनंतर २०१६ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या लाखोंच्या मूक मोर्चांतही हाच प्रश्न होता. शिक्षा हे समाजाचे विधान आहे, असे तो म्हणतो. फाशी नको म्हणणाऱ्याने या प्रश्नापुढे गप्प बसून चालणार नाही.

दहशतीचा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंनी जरा सैल हाताने वापरला जातो. १९६७ मध्ये विधी आयोगाने आपल्या ३५ व्या अहवालात फाशी राखण्याची शिफारस केली. २०१५ मध्ये न्या. अ. प्र. शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २६२ व्या अहवालात दहशतवादी गुन्हे वगळता ती रद्द करावी असे सुचवले. फाशीने गुन्हे कमी होतात हे सिद्ध करणे अवघड, आणि होत नाहीत हे सिद्ध करणेही सोपे नाही. निबंधात यावर फार पाने घालवू नका.

उत्तरपक्ष

१९८० च्या बच्चनसिंग निकालात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने फाशी घटनात्मक ठरवली, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरती. एकटे भिन्न मत न्या. भगवतींचे होते : ही निवड न्यायाधीशागणिक बदलते. भगवतींचा आक्षेप पुस्तकी वाटत असेल तर पुढील खटला वाचा.

२००३ मध्ये महाराष्ट्रात शेतातील झोपडीवर हल्ला होऊन एका कुटुंबातील पाच जणांचा जीव गेला. भटक्या जमातीतील सहा जण आरोपी झाले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून आधी वेगळ्याच चौघांना ओळखले होते. ते लपून राहिले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई मिळाली. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. तेच पुरावे, तीच माणसे, आणि चार निकाल. अंमल वेळेवर झाला असता तर शेवटचा निकाल लिहिलाच गेला नसता.

माझ्या मते उत्तरपक्षाचे खरे बळ येथे आहे. तो पुण्याच्या खटल्याला पूर्ण उत्तर देत नाही, हे मान्य करावे लागते. परंतु पुण्याची खात्री आणि या सहा जणांबाबतची ‘खात्री’ यांत फरक करण्याचे साधन न्यायालयाजवळ त्या वेळी नव्हते. जून १९४९ मध्ये संविधान सभेत फौजदारी अपिलांवर बोलताना डॉ. आंबेडकरांनी, फाशीच रद्द करण्यास आपण पाठिंबा देऊ, अशा आशयाचे मत मांडले होते. सभेने तसा निर्णय घेतला नाही. घटनेत आले ते अनुच्छेद ७२ आणि १६१ यांतील दयेचे अधिकार.

स्वाध्याय

१. आपल्या गावच्या जत्रेतील दशावतार पाहून संकासुराच्या वधाच्या वेळी प्रेक्षक काय करतात, याची दहा ओळींत नोंद करा. हसू कोणत्या क्षणी थांबते?

२. ‘फाशी झाली’, ‘फाशी दिली’, ‘फासावर चढवले’, ‘फासावर गेला’ या चार प्रयोगांतील कर्ता शोधा. स्वातंत्र्यसैनिकांबाबत आपण यांपैकी कोणता प्रयोग करतो आणि का, ते लिहा.

३. तुमचे मत फाशीच्या विरोधी असेल तर समर्थनाचा, आणि समर्थक असाल तर विरोधाचा पूर्वपक्ष तीनशे शब्दांत लिहा. तो अभ्यासकेंद्रावरील अशा सहाध्यायाला वाचून दाखवा ज्याचे ते खरे मत आहे, आणि त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या समासात लिहून घ्या.