नागरिकांची चर्चा आणि राष्ट्राध्यक्षांचे उत्तरदायित्व : वॉटरगेट प्रकरणाच्या आधारे एक अभ्यास

प्रास्ताविक

एसटीच्या प्रवासात, गावच्या पारावर किंवा कामाच्या ठिकाणी जेवणाच्या सुटीत रंगणारे राजकीय वाद आपल्या परिचयाचे आहेत. आपणही त्यांत भाग घेतला असेल. वाद संपता संपता कोणीतरी म्हणतोच, ‘आपण बोलून काय होणार?’ या घटकात हा प्रश्न आपण गांभीर्याने विचारात घेणार आहोत. त्यासाठी अमेरिकेतील वॉटरगेट प्रकरण निवडले आहे, कारण सामान्य नागरिकांची चर्चा कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते, या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट दिसतात.

आरंभीच एक भेद लक्षात घ्यावा. भारतात मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. बहुमत गेले की सरकार जाते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मात्र चार वर्षांच्या ठराविक मुदतीसाठी निवडला जातो. त्याच्यावर अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. मुदतीपूर्वी त्याला दूर करण्याचा प्रमुख घटनात्मक मार्ग म्हणजे महाभियोग : प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवायचे आणि सिनेटने त्यांवर निवाडा द्यायचा. हा मार्ग मुद्दामच अवघड ठेवलेला आहे. म्हणूनच तेथे लोकमताला निराळे महत्त्व येते.

स्वतःच्याच मताशी वाद

१७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना अटक झाली. त्या वेळी बहुसंख्य नागरिकांना ती किरकोळ घरफोडी वाटली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. पुढील चर्चेचे मर्म या आकड्यात आहे. निक्सन यांच्यावर संशय घेणे म्हणजे असंख्य मतदारांच्या दृष्टीने काही महिन्यांपूर्वीच्या आपल्याच निर्णयावर संशय घेणे होते. विरोधकाशी वाद घालणे त्या मानाने सोपे असते.

मे १९७३ मध्ये सिनेटर सॅम अर्विन यांच्या समितीसमोर जाहीर साक्षी सुरू झाल्या आणि त्या दूरचित्रवाणीवरून दाखवल्या गेल्या. दिवसा कामावर असणाऱ्यांना संध्याकाळच्या पुनःप्रक्षेपणामुळे त्या पाहता आल्या. या साक्षींच्या वेळी निक्सन यांच्याच पक्षाचे सिनेटर हॉवर्ड बेकर यांनी एक प्रश्न वारंवार विचारला : राष्ट्राध्यक्षांना काय ठाऊक होते आणि ते केव्हा ठाऊक झाले? हा प्रश्न बचावाला उपयोगी पडेल, असे प्रारंभी अनेकांना वाटले होते.

या प्रश्नाच्या रचनेकडे भाषेचे अभ्यासक म्हणून लक्ष द्या. ‘निक्सन चांगले की वाईट?’ या प्रश्नावर वर्षभर भांडूनही निष्कर्ष निघत नाही. ज्याची त्याची निष्ठा तेवढी कळते. ‘काय’ आणि ‘केव्हा’ यांना मात्र पुराव्याने उत्तर देता येते, आणि ते उत्तर दोन्ही बाजूंना मान्य करावे लागते. चर्चेला हे वळण मिळाल्यावरच निक्सनसमर्थक नागरिकालाही आपली बाजू न सोडता शंका विचारता येऊ लागली. १६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफील्ड यांच्या साक्षीतून कळले की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील संभाषणे ध्वनिमुद्रित होतात. म्हणजे उत्तर अस्तित्वात होते. प्रश्न ते मिळण्याचा होता.

तारांचा शनिवार

विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांनी त्या ध्वनिफितींचा आग्रह धरला. २० ऑक्टोबर १९७३, शनिवारी निक्सन यांनी त्यांना बडतर्फ करण्याचा आदेश दिला. ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांचे सहकारी विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार देऊन पद सोडले. अखेर रॉबर्ट बोर्क यांनी आदेश बजावला.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही पक्षाने आखलेले नव्हते. नागरिकांनी लोकप्रतिनिधींना तारा पाठवायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत त्यांची संख्या लाखांत गेली. (आपल्याकडे तार म्हटली की घरात धसका बसत असे, हे वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकले असेल.) तारेला शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे म्हणणे मोजक्या शब्दांत मांडावे लागे. तीनच दिवसांनी निक्सन यांच्या वकिलांनी ध्वनिफिती न्यायालयाला देण्याची तयारी दाखवली.

तारांनी कायदा बदलला नाही, हे ध्यानात ठेवा. त्यांना कोणतेही घटनात्मक स्थान नव्हते. परंतु पुन्हा निवडून येऊ इच्छिणाऱ्या प्रतिनिधीला, गप्प राहिल्यास किती किंमत द्यावी लागेल, हे त्यांनी कळवले.

मूळ पाठ वाचणारे नागरिक

एप्रिल १९७४ च्या अखेरीस व्हाइट हाउसने संभाषणांची संपादित लिखिते प्रसिद्ध केली. ती बाराशेहून अधिक पृष्ठांची होती. वृत्तपत्रांनी पुरवण्या काढल्या, स्वस्त पुस्तके निघाली आणि लोकांनी ती विकत घेऊन वाचली. शिव्यांच्या जागी ‘अपशब्द वगळला’ अशा अर्थाची टीप होती; ती टीप लवकरच उपहासाचा वाक्प्रचार बनली. तथापि वाचक केवळ शिव्यांमुळे व्यथित झाले असे मानणे उथळपणाचे ठरेल. गैरकृत्य कसे निभावून न्यावे याचा हिशेब पानोपानी होता. ते योग्य की अयोग्य, हा विचार मात्र क्वचितच होता. दीर्घकाळ रिपब्लिकन पक्षाची पाठराखण करणाऱ्या ‘शिकागो ट्रिब्यून’नेही मे महिन्यात अग्रलेख लिहून निक्सन यांनी पद सोडावे असे म्हटले.

पुढील घटनाक्रम थोडक्यात पाहू. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निकालात सहभागी झालेल्या आठही न्यायमूर्तींच्या एकमताने, ध्वनिफिती देण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाची तीन कलमे संमत केली. ५ ऑगस्टला जाहीर झालेल्या लिखितातून, घरफोडीनंतर सहाच दिवसांनी तपास अडवण्याच्या योजनेला निक्सन यांनी संमती दिल्याचे उघड झाले. ‘काय’ आणि ‘केव्हा’ यांचे उत्तर मिळाले. ९ ऑगस्ट रोजी त्यांचा राजीनामा अमलात आला.

महिन्याभरातच, ८ सप्टेंबरला, नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण माफी दिली. खटला उभा राहण्यापूर्वीच तो मार्ग बंद झाला. देशाने पुढे जावे, असे काहींना वाटले. सामान्य माणसाला एक न्याय आणि राष्ट्राध्यक्षाला दुसरा का, असे इतरांनी विचारले. १९७६ ची निवडणूक फोर्ड हरले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१९७२ मध्ये निक्सन यांना मत दिलेला एक नागरिक माफीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहीत आहे, अशी कल्पना करा. माफीच्या बाजूने किंवा विरोधात, परंतु ‘काय’ आणि ‘केव्हा’ या प्रकारच्या, पुराव्याने उत्तर देता येईल अशा किमान एका प्रश्नाचा आधार घेऊन, ते पत्र सुमारे २०० शब्दांत लिहा. लिहून झाल्यावर ते विरुद्ध मताच्या सहाध्यायाला वाचायला द्या आणि त्याचा आक्षेप पत्राखाली त्याच्याच शब्दांत नोंदवा.