एक दिवस, दोन वाटा

अमेरिकेच्या अलास्का राज्याचा आग्नेय किनारा मोठा विलक्षण आहे. तेथे समुद्राचे लांबच लांब, अरुंद फाटे उंच पर्वतांच्या कुशीत खोलवर शिरले आहेत. अशाच एका फाट्याच्या टोकाशी स्कॅगवे नावाचे लहानसे गाव वसले आहे. गावाची कायम वस्ती अवघी बाराशेच्या आसपास. परंतु उन्हाळ्यात प्रवासी जहाजे धक्क्याला लागली, की एका दिवसात हजारो पाहुणे गावात उतरतात. सायंकाळी जहाजाचा भोंगा वाजतो, पाहुणे परततात आणि गाव पुन्हा शांत होते.

अशाच एका जहाजातून पुण्याचे एक कुटुंब प्रवास करीत होते. आजोबा, आई, वडील, तेरा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी अशी पाच माणसे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता जहाज स्कॅगवेला पोहोचणार होते आणि दुपारी साडेचारच्या आत सर्वांनी जहाजावर परतावयाचे होते. हातात दिवस एकच. समोर वाटा मात्र दोन होत्या. गावामागील व्हाइट पास या खिंडीकडे एक जुनी आगगाडी जाते, आणि त्याच दरीच्या दुसऱ्या अंगाने एक मोटाररस्ताही चढतो. कोणत्या वाटेने जावे, यावर रात्रीच्या जेवणानंतर चर्चा सुरू झाली.

मुलगा म्हणाला, “बाबा, आपण आगगाडीनेच जाऊ या. डोंगर फोडून काढलेला तो मार्ग मला पाहावयाचा आहे.”

मुलीला हे पसंत नव्हते. ती म्हणाली, “आगगाडी तर खिंडीच्या माथ्यावरून परत फिरते! मोटारीने गेलो, तर कॅनडात शिरून थेट पाचूच्या रंगाच्या सरोवरापर्यंत जाता येईल. वाटेल तेथे थांबताही येईल.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. आगगाडी खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन येण्यास सुमारे तीन तास घेते. वाटेत ती कोणासाठी थांबत नाही. उलट, मोटारीने स्कॅगवेपासून सुमारे १०६ किलोमीटरवर कारक्रॉस हे गाव लागते आणि त्याच्याही पुढे ते सरोवर येते. त्याच्या तळाशी चुन्याचा अंश असलेली पांढरी माती साचली आहे. तिच्यावरून सूर्यप्रकाश परावर्तित होतो आणि पाणी हिरवे-निळे दिसते. शिवाय पाच जणांच्या आगगाडीच्या तिकिटांपेक्षा एक मोटार भाड्याने घेणे स्वस्त पडत होते.

आजोबा आतापर्यंत शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, “या खिंडीपाशी येऊन ‘कोणती वाट धरावी?’ असा प्रश्न विचारणारे आपण पहिलेच नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी हजारो माणसांना तो पडला होता. त्यांची हकिकत आधी ऐका. मग आपण ठरवू.”

आणि आजोबांनी सांगण्यास आरंभ केला.

१८९६ च्या ऑगस्ट महिन्यात कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. पुढच्या वर्षी ही वार्ता बाहेरच्या जगात पसरली आणि सुमारे एक लाख माणसे घरदार सोडून तिकडे निघाली. त्यांतील पुष्कळ जण जहाजाने या किनाऱ्यावर उतरत. येथून पर्वत ओलांडून बेनेट सरोवर गाठावयाचे आणि तेथून होडीने शेकडो किलोमीटर पुढे जावयाचे, असा तो प्रवास होता.

पर्वत ओलांडण्यास दोन वाटा होत्या. जवळच्याच डायई गावातून चिल्कूट खिंडीची वाट निघे. ती आखूड, पण इतकी उभ्या चढणीची, की ओझ्याचे जनावर तिच्या माथ्यापर्यंत चढू शकत नसे. स्कॅगवेहून निघणारी व्हाइट पासची वाट लांब, पण उंचीने कमी होती. तिच्यावरून घोडे नेता येतील, असे लोक एकमेकांना सांगत. ऐकीव माहितीवर विसंबून अनेकांनी ही वाट धरली. प्रत्यक्षात ती चिखलाने, दगडधोंड्यांनी आणि कड्यांनी भरलेली होती. कॅनडाचे पोलीस वर्षभराचे अन्न बरोबर असल्यावाचून कोणाला पुढे जाऊ देत नसत. त्यामुळे प्रत्येकापाशी सुमारे एक टन सामान असे. घोड्यांच्या पाठीवर त्यांच्या शक्तीबाहेर ओझी लादली गेली. भुकेने, श्रमाने आणि कड्यांवरून कोसळून सुमारे तीन हजार जनावरे त्या वाटेवर मरण पावली. तेथील एका घळीस आजही ‘मेलेल्या घोड्यांची घळ’ असे नाव आहे.

हे ऐकताना मुलांचे चेहरे उतरले. मुलीने विचारले, “आजोबा, मग त्या माणसांनी दुसरी वाट घ्यावयास हवी होती का?”

आजोबा म्हणाले, “दुसरी वाटही सोपी नव्हती, बाळ. त्यांची चूक निराळीच होती. ‘वाट कोणती सोपी?’ एवढेच त्यांनी विचारले. ‘ही वाट कोणाकडून काय मागणार आहे?’ हे विचारले नाही. ते ओझे शेवटी मुक्या जनावरांवर पडले.”

पुढे १८९८ च्या मे महिन्यात याच खिंडीतून लोहमार्ग बांधण्यास प्रारंभ झाला. कामगारांनी सुमारे साडेचारशे टन स्फोटके वापरून कडे फोडले. हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीत, दोरांना लोंबकळत त्यांनी खडकात सुरुंगांसाठी भोके पाडली. रुळांमधील अंतर अवघे तीन फूट ठेवले. त्यामुळे तीव्र वळणे घेणे शक्य झाले. समुद्रसपाटीपासून निघालेली गाडी सुमारे ३२ किलोमीटरांत ८७३ मीटर उंची गाठते. काही ठिकाणी शंभर फूट पुढे जाताना ती जवळजवळ चार फूट वर चढते. २९ जुलै १९०० रोजी १७७ किलोमीटरांचा हा मार्ग पूर्ण झाला. पण तोवर सोन्याची लाट ओसरली होती. नंतर अनेक वर्षे खाणींतील धातू त्यावरून बंदरात येत असे. १९७८ मध्ये शेजारून मोटाररस्ता झाला. धातूंचे भाव घसरून खाणी बंद पडल्या, तेव्हा १९८२ मध्ये गाडीही थांबली. १९८८ पासून ती प्रवाशांसाठी पुन्हा धावू लागली.

“आता आपण आपले प्रश्न विचारू,” आजोबा म्हणाले. “मोटारीची वाट आपल्याकडून काय मागेल?”

वडिलांनी विचार करून सांगितले, “कॅनडाचा व्हिसा आपण घेतलेला आहे, तेव्हा सीमेवर अडचण येणार नाही. वेळही पुरेल, मात्र जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतील. माथ्यावर पुष्कळदा दाट धुके असते. सीमेवर वाहनांची रांगही लागू शकते. युकॉनमध्ये घड्याळ एक तास पुढे आहे, हेही ध्यानात ठेवावे लागेल. आपण स्वतःच्या जबाबदारीवर गेलो आणि उशीर झाला, तर जहाज थांबणार नाही.”

आई म्हणाली, “आणि इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवावी लागते. आपल्याला सवय डाव्या बाजूची. यांची दृष्टी पूर्ण वेळ रस्त्यावर आणि घड्याळावर राहील. आपण चौघे डोंगर पाहू. हे काय पाहणार?”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मुलगीच हळूच म्हणाली, “बाबा, तुम्हांला काहीच पाहायला मिळणार नसेल, तर मला मोटार नको.”

वडील हसले. ते म्हणाले, “सरोवर पाहावयाचे राहील, याचे वाईट वाटणार नाही ना?”

“थोडे वाटेल,” ती प्रामाणिकपणे म्हणाली, “पण चालेल.”

दुसऱ्या दिवशी पाचही जण आगगाडीत शेजारी शेजारी बसले. गाडी कड्याच्या अंगाने वळणे घेत चढू लागली. धबधबे मागे पडले. बोगद्यातून बाहेर पडताच दरी अधिकच खोल दिसू लागली. १९०१ साली बांधलेला आणि १९६९ पासून वापरात नसलेला जुना पोलादी पूल पाहून मुलगा आनंदाने उभा राहिला. मुलगी मात्र खाली पाहत होती. खडकांमधून गेलेली एक पुसट पायवाट तिला दिसली. घोड्यांची वाट तीच. त्या दरीपलीकडे उन्हात चकाकणारा मोटाररस्ताही दिसत होता. त्यावरून काही मोटारी कॅनडाच्या दिशेने जात होत्या.

“त्यांना ते सरोवर दिसेल,” मुलगी म्हणाली.

“हो, दिसेल,” वडील खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “त्यांची निवडही चुकीची नाही. ज्याला हवे तेथे थांबावयाचे आहे, त्याच्यासाठी तोच मार्ग उत्तम.”

माथ्यावर इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकास गेले. प्रवाशांनी बाकांच्या पाठी उलट्या फिरवल्या आणि गाडी उतरू लागली. दुपारी साडेचार वाजण्यापूर्वीच सर्व जण जहाजावर पोहोचले होते. भोंगा वाजला. डोंगर हळूहळू दूर जाऊ लागले. मुलगी कठड्याशी वडिलांचा हात धरून उभी होती. सरोवर पाहावयाचे राहिले होते. पण त्या दिवशी जे काही पाहिले, ते पाचही जणांनी मिळून पाहिले होते.

स्वाध्याय

१. आगगाडीचा प्रवास व मोटारीचा प्रवास यांतील फरक तीन-चार वाक्यांत सांगा.
२. “त्यांची चूक निराळीच होती,” असे आजोबा का म्हणाले?
३. मुलीने आपले मत का बदलले? तिची निवड तुम्हांस योग्य वाटते काय? कारण द्या.
४. तुमच्या कुटुंबाने विचारविनिमय करून घेतलेल्या एखाद्या निर्णयाविषयी दहा ओळी लिहा.