अंदमानात कॅमेरा नेताना

जुन्या लालसर 20 रुपयांच्या नोटेच्या मागे माडांमधून दिसणारा समुद्र आणि दीपगृह होते. माउंट हॅरिएटच्या बाजूने नॉर्थ बे असाच दिसतो. अंदमानला जाणारे बरेच जण आजही तीच चौकट शोधतात, मग सेल्युलर जेल, मग राधानगरच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त. आणि घरी आल्यावर सगळ्यांचे अल्बम एकसारखे निघतात. पाच दिवसांत तीन-चार बेटे उरकायची म्हटल्यावर दुसरे काय होणार? कॅमेरा घेऊन निघालेल्यांना माझे एकच सांगणे आहे: तिथे कमी फिरा आणि जास्त थांबा. थांबल्याने फोटो तर सुधारतातच, पण घाईत फोटो काढणाऱ्याच्या हातून तिथल्या माणसांचे आणि जिवांचे जे नुकसान होते, तेही टळते.

आधी उजेडाचा हिशेब. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली, आणि पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, त्याच्याही दहा अंश पूर्वेला. त्यामुळे तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे 40 मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास तो वर येतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बुडतो. विषुववृत्त जवळ असल्याने संधिप्रकाशही फार रेंगाळत नाही. मुंबई-पुण्याच्या सवयीने नाश्ता आटोपून नऊला बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याला चढलेले ऊन येते: वाळू पांढरीफटक आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या. लेन्स कितीही महागाची असो, हे ऊन ती मऊ करू शकत नाही. पहाटेचे दोन तास एकाच जागी काढले, तर साधा फोनही पुरतो.

समुद्राचेही वेळापत्रक असते. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, रोज सुमारे 50 मिनिटे उशिराने, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत लांब हटते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. नील बेटावर, म्हणजे शहीद द्वीपावर, लक्ष्मणपूरची खडकाची कमान बघायला लोक ओहोटीच्या वेळी जातात, कमानीखाली उभे राहून फोटो काढतात आणि परततात. वाटेत खडकांतली डबकी असतात, त्यांच्याकडे कुणी फारसे वळत नाही. एका डबक्याजवळ, आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसून पाहा. आधी काहीच दिसत नाही. मग मेलेला वाटणारा शंख चालू लागतो, कारण आत खेकडा असतो. बोटाएवढे मासे कपारीतून बाहेर येतात. हे टिपायला काही उचलावे लागत नाही. समुद्रकाकडी हातात धरून फोटो काढणे किंवा प्रवाळावर उभे राहणे हे सर्रास चालते, पण दोन्ही जीव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि पायाखाली मोडलेले प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षे लागतात. आठवण म्हणून वाळूतला मेलेला तुकडाही खिशात टाकू नये.

यावर कुणी म्हणेल, खेकडे आणि डबकी काय, आपल्याकडेही आहेत. एवढा खर्च करून जायचे ते वेगळे बघायला. पण तिथल्या साध्या दृश्यातच त्या जागेचा इतिहास असतो. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि दक्षिणेकडचा खचला. शहराजवळच्या सिप्पीघाटला भातशेतीत खारे पाणी शिरले आणि ती पाणथळ झाली. रस्त्यावरून जाताना ते नुसते बगळे बसलेले तळे वाटते. थांबून पाहणाऱ्याला त्यात बुडालेले शेत दिसते.

माणसांचे फोटो काढताना थांबण्याचा हाच नियम अधिक कडकपणे पाळायला हवा. नीलच्या जेट्टीवर भाजी बोटीत चढते, ती शहराच्या बाजारात जाते. पिकवणाऱ्यांत फाळणीनंतर वसवलेल्या बंगाली कुटुंबांची पुढची पिढी आहे. परवानगी विचारली की सहजता जाते, असा आक्षेप असतो. ती जाते खरी, पण मिनिटभरच. माणूस आधी ताठ उभा राहतो, मग त्याला पोती मोजायची असतात, तो कामाला लागतो, आणि थांबलेल्याला हवा तो फोटो तेव्हा मिळतो. हिंदी सगळीकडे चालते, “दादा, एक फोटो लूँ?” एवढे पुरे.

तिथल्या जारवा आदिवासींच्या बाबतीत मात्र विचारण्याचाही प्रश्न नाही. अंदमान ट्रंक रोड त्यांच्या राखीव जंगलातून जातो आणि तिथे फोटो काढणे हा गुन्हा आहे. दस्तऐवज म्हणून तरी नोंद व्हावी, हा युक्तिवाद मला पटत नाही. गाडीच्या काचेतून घेतलेल्या फोटोत त्यांच्या जगण्याविषयी काहीच नसते. असते ती फक्त आपली हाव. बाहेरच्यांशी संपर्क वाढल्यावर 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली, आणि जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत 2012 मध्ये जगभर गाजली. आपला फोटो कुठे जाणार हे ज्याला माहीतच नाही, त्याची संमती मिळाली असे म्हणता येत नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा: पाच दिवसांत थांबायचे कसे? यादीतले एक बेट गाळा. त्या तारखांच्या भरती-ओहोटीच्या वेळा निघण्यापूर्वीच बघून ठेवा आणि बोटीची तिकिटे त्यानुसार काढा. एसी खोलीतून कॅमेरा लगेच उघड्यावर काढू नका, लेन्सवर बाष्प धरते. बॅगेतच अर्धा तास राहू द्या, आणि दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाका. गाळलेल्या बेटाचे फोटो हवे तेवढे मिळतील, इतरांनी ते काढून ठेवले आहेत.