वाळवंटातली पाणपोई गुन्हा कशी?

प्रश्न : आमचा मुलगा ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात शिकतो. तिथल्या चर्चचे काही लोक वाळवंटात पाणी ठेवायला जातात आणि त्यावरून त्यांच्यातल्या काहींवर खटलेही झाले, असं तो परवा फोनवर सांगत होता. आम्ही वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसईच्या मोर्चांना आम्हीही गेलेलो, त्यामुळे चर्चची माणसं रस्त्यावर उतरतात याचं नवल वाटत नाही. पण पाण्यावरून खटला? आणि चर्चमध्ये पोलीस शिरत नाहीत म्हणतात, ते खरं का? मुलाला त्यांच्याबरोबर जायचंय. जाऊ द्यावं का?
(एक वाचक, वसई)

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्नच तुमच्या मनात पहिला आहे, हे कळतंय. पण त्याचं उत्तर आधी दिलं तर बाकीचं तुम्ही वाचणार नाही, म्हणून ते शेवटीच देतो.

ही पाणपोई दिसते कशी, ते आधी सांगतो. निळं, प्लास्टिकचं, दोनशे लिटरचं पिंप. आपल्याकडे टँकरची वाट बघत दारोदार उभं असतं ना, तेच. तिकडे ते घोडीवर ठेवतात, त्याला तोटी बसवतात आणि शेजारी उंच खांबावर निळं निशाण लावतात, म्हणजे झुडपांतून चालत येणाऱ्याला लांबून दिसावं. ह्यूमेन बॉर्डर्स नावाच्या गटानं २००० साली हे काम सुरू केलं. त्यामागे टूसॉनमधले पाद्री आणि चर्चला जाणारी साधी माणसं होती. यातल्या काही पिंपांना कुणीतरी गोळ्या घालून भोकं पाडली, हेही सांगायला हवं. पाणपोई फोडणारे लोक तिकडेही आहेत.

माणसं त्या वाळवंटातून चालतात कशाला? १९९४ पासून अमेरिकी सरकारनं सीमेवरच्या शहरांजवळ कुंपणं आणि पहारा वाढवला. मधलं वाळवंट मोकळं राहिलं. तिथून कोण येणार, असा हिशेब होता. लोक तिथूनच आले. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. चालत्या माणसाला दिवसाला सात-आठ लिटर पाणी लागतं आणि वाट चार-पाच दिवसांची. म्हणजे नुसत्या पाण्याचंच ओझं तीस-पस्तीस किलो. ते कुणालाच पेलत नाही, आणि सगळं मरण या साध्या गुणाकारात आहे. २००० सालापासून दक्षिण ॲरिझोनात चार हजारांहून अधिक जणांचे अवशेष मिळाले आहेत. जून २०१९ मध्ये त्यांत भारतातून आलेली सहा वर्षांची एक मुलगी होती. तिची आई पाणी शोधायला गेली होती.

या सगळ्याची सुरुवात मात्र बरीच आधीची. जुलै १९८० मध्ये एल साल्वादोरमधल्या यादवीतून पळालेले सव्वीस जण याच वाळवंटात अडकले आणि त्यांतले तेरा तहानेनं गेले. वाचलेल्यांना टूसॉनच्या चर्चनी हात दिला. तोवर या मंडळींना तो देश नकाशावर दाखवता आला असता की नाही, शंकाच आहे. मग कळलं, की तिथून आणि ग्वाटेमालातून येणाऱ्यांचे आश्रयाचे अर्ज शंभरातले तीनही मंजूर होत नाहीत. कारण उघड होतं. त्या दोन्ही देशांतल्या सरकारांना अमेरिकेचाच पाठिंबा होता. मित्रसरकारच्या छळातून लोक पळाले, असं कागदावर कसं लिहायचं?

टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री जॉन फाइफ आणि जिम कॉर्बेट हे यातले दोन प्रमुख. कॉर्बेट क्वेकर पंथाचे, हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकलेले आणि पुढे गुरं-शेळ्या पाळणारे. शेळ्यांमागे हिंडून वाळवंट त्यांच्या पायाखालचं झालं होतं आणि त्याच वाटांनी ते माणसं आणू लागले. २४ मार्च १९८२ रोजी फाइफ यांनी चर्चवर फलक लावून जाहीर केलं, की इथे निर्वासितांना अभय आहे. दिवस मुद्दाम निवडलेला. दोन वर्षांपूर्वी त्याच तारखेला साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना मिस्सा चालू असताना गोळी घातली होती. पुढे देशभरची शेकडो चर्च आणि यहुदी प्रार्थनास्थळं यात आली.

सरकारनं काय केलं? खबरे पाठवले. ते अंगावर टेपरेकॉर्डर लपवून बायबलच्या अभ्यासवर्गात बसले. १९८५ मध्ये अकरा जणांवर खटला उभा राहिला. त्यांत पाद्री होते, एक नन होती. न्यायाधीशांनी बजावलं, की आरोपींनी आपल्या श्रद्धेबद्दल ज्यूरीपुढे बोलायचं नाही आणि साल्वादोरमध्ये काय चाललंय तेही काढायचं नाही. मग उरलं काय? आठ जण दोषी ठरले. तुरुंगात कुणालाच जावं लागलं नाही. १९९१ मध्ये चर्चच्या दाव्यात तडजोड होऊन सरकारला जुने अर्ज पुन्हा तपासणं भाग पडलं. फाइफ यांना त्यांच्या पंथानं १९९२ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या महासभेचं अध्यक्षपद दिलं. गुन्हेगाराला!

आता तुमचा पोलिसांचा प्रश्न. चर्चमध्ये शिरायला मनाई करणारा कायदा तिथे नाही. जुन्या करारात यार्देनेच्या अल्याड-पल्याड सहा शरणनगरं सांगितली आहेत, त्यांची आठवण फार तर म्हणा. २०११ पासून शाळा, इस्पितळं, प्रार्थनास्थळं शक्यतो टाळावीत असा स्थलांतर खात्याचा अंतर्गत नियम होता, तो जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. त्याविरुद्ध क्वेकर मंडळी न्यायालयात गेली. त्यांच्यासोबत बाप्टिस्टांची एक संघटना होती आणि कॅलिफोर्नियातलं एक गुरुद्वारा. महिनाभरातच न्यायालयानं मनाई हुकूम दिला, पण या अर्जदारांपुरताच.

पाण्यावरचे खटले तर याहून नवलाचे आहेत, कारण त्यांत पर्यावरणाचा कायदा वापरला गेला. सीमेलगतचा बराच भाग अभयारण्याचा. २००८ मध्ये डॅन मिलिस या स्वयंसेवकानं तिथे पाण्याचे सीलबंद कॅन ठेवले, तर त्याच्यावर कचरा टाकल्याचा गुन्हा लागला. दोन दिवसांपूर्वीच त्याच्या गटाला साल्वादोरच्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला होता. पिण्यासाठी ठेवलेलं शुद्ध पाणी कचरा कसं, हे ठरायला २०१० साल आणि वरचं न्यायालय लागलं. प्लास्टिकचा मुद्दा अगदीच खोटा नाही, हे मान्य करतो. पण त्याच सीमेवर भिंत बांधायला निघाल्यावर सरकारनं हेच पर्यावरणाचे कायदे एका सहीनं बाजूला ठेवले. किटोबाकिटो नावाचा झरा तिथे आहे, ओओधाम या आदिवासी जमातीच्या श्रद्धेतला. भिंतीच्या काँक्रीटसाठी जवळपास भूजल उपसलं गेलं आणि त्या काळात झऱ्याच्या तळ्याचं पाणी खाली गेलं. २०२० मध्ये त्या जमातीची एक स्त्री तिथे यंत्रांच्या वाटेत उभी राहिली, तिला अटक झाली आणि २०२२ मध्ये न्यायालयानं तिला सोडलं.

सोडलं कशाच्या आधारावर, तेच या साऱ्या प्रकरणाचं मर्म आहे. १९९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एका आदिवासी प्रकरणात निकाल दिला. पेयोटे नावाचं निवडुंग धार्मिक विधीत खाल्लं म्हणून नोकरी गेलेल्या दोघांना त्यानं बेकारभत्ता नाकारला. त्यावर सगळे पंथ खवळले आणि १९९३ मध्ये धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा झाला. फाइफ यांच्या खटल्यात श्रद्धेचं नाव काढायची बंदी होती. या कायद्यानंतर तीच श्रद्धा बचाव म्हणून उभी करता आली. स्कॉट वॉरन या स्वयंसेवकावर दोन स्थलांतरितांना अन्नपाणी आणि निवारा दिल्याचा मोठा खटला होता. २०१९ मध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं, आणि अभयारण्यात पाणी ठेवल्याच्या वेगळ्या आरोपातून न्यायाधीशांनी या कायद्याखाली मुक्त केलं. २०२० मध्ये आणखी चौघी अशाच सुटल्या.

मात्र अपाची या आदिवासींना हा कायदा पावला नाही. फीनिक्सच्या पूर्वेला ओक फ्लॅट हे त्यांचं देवस्थान, वयात आलेल्या मुलींचे विधी होतात ती जागा. तिच्याखाली तांबं आहे आणि रिओ टिंटो व बीएचपी या कंपन्यांना ते हवंय. खाण झाली की जमीन खचून सुमारे तीन किलोमीटर रुंद खड्डा पडेल. ख्रिस्ती, यहुदी, मुस्लिम, शीख संस्था अपाचींच्या बाजूनं न्यायालयात उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये सहा विरुद्ध पाच अशा फरकानं ते हरले आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. माझं स्पष्ट मत असं, की श्रद्धा एखाद्या माणसाच्या हातून घडली, म्हणजे पाणी ठेवलं, वाटेत उभं राहिलं, की त्या न्यायालयांना दिसते. ती दगडात, झऱ्यात, झाडांत असली की दिसत नाही. ज्यांच्या निमित्तानं कायदा झाला त्यांचाच धर्म नेमका तसा आहे.

आणि यात सगळे एका बाजूला, असंही समजू नका. तोहोनो ओओधाम जमातीच्या राखीव प्रदेशाला शंभर किलोमीटरची सीमा लागते. भिंतीला जमातीचा विरोध, पण आपल्या जमिनीवर पाणपोयाही नकोत, त्यानं लोंढा वाढतो, असं जमातीच्या प्रशासनाचं म्हणणं. माइक विल्सन हे त्याच जमातीचे, चर्चमध्ये उपदेश करणारे. त्यांनी चार पाणवठे मांडले आणि त्यांना मत्तय, मार्क, लूक, योहान अशी नावं दिली. चर्चनं सांगितलं, पाणी थांबवा. त्यांनी चर्च सोडलं. जमातीचीही चूक म्हणवत नाही. ज्यांची जमीन दीडशे वर्षं दुसऱ्यांनीच वापरली, ते कुणालाही आत घेताना बिचकणारच. तरी मी विल्सन यांच्या बाजूचा.

आता मुलाचं. जाऊ द्या, पण परवानगी घेऊन पिंपं ठेवणाऱ्या गटाबरोबर, त्यांच्याच ट्रकमधून. परवानगीशिवाय अभयारण्यात कॅन घेऊन जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला साधा दंडाचा गुन्हाही फार महागात पडू शकतो. आधी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कचेरीत विचारून घ्यावं. पहिली फेरी मे-जूनमध्ये नको, हिवाळ्यात करावी. आणि निघताना स्वतःसाठी चार लिटर पाणी वेगळं घ्यायला सांगा.