लुळा हात आणि पडद्यावरचा पेला

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की अर्धांगवायूचा झटका येतो. हात लुळा पडतो, पण दोष हाताचा नसतो. त्याला आज्ञा देणाऱ्या पेशी मेलेल्या असतात. त्या परत येत नाहीत. मात्र एकच हालचाल शेकडो वेळा केल्यास मेंदूचे उरलेले भाग ते काम काही अंशी शिकतात. रुग्ण कंटाळतो तो इथेच.

ऑगमेंटेड रिॲलिटीचे तंत्र या कंटाळ्यावर आहे. रुग्ण आपल्याच टेबलाकडे टॅब्लेटमधून किंवा खास चष्म्यातून पाहतो. संगणक त्यावर चित्रातला पेला ठेवतो. हात पोचला की गुण मिळतात, पेला थोडा दूर सरकतो.

यंत्र परवडत नाही म्हणून खचलेल्या कुटुंबांना आम्ही सांगू इच्छितो की, याच जातीच्या आभासी वास्तवाच्या ७२ चाचण्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात तपासल्या गेल्या. हातासाठी हे खेळ नेहमीच्या व्यायामाहून सरस ठरले नाहीत. नेहमीच्या उपचारात भर घालून सरावाचा वेळ वाढला, तिथे उपयोग दिसला. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घरचा स्टीलचा पेला रोज उचलायला लावावा. फक्त लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवू नये. खांद्याला इजा होते.